धागा कुठे तुटतो

नवे सत्र सुरू झाले, की पहिल्याच आठवड्यात मी वर्गात कोरे कागद वाटते आणि एकच प्रश्न विचारते: एखादा मजकूर नीट समजावा म्हणून तुम्ही नेमके काय करता? कागदावर नाव लिहायचे नाही, याला गुण नाहीत आणि उत्तर अर्ध्या पानाहून मोठे नको, एवढ्याच अटी असतात. हे कागद मी टाकून देत नाही. भाषा शिकवताना आपण विद्यार्थ्यांच्या वाचनाविषयी पुष्कळ काही गृहीत धरतो, पण ते स्वतः आपल्या वाचनाकडे कसे पाहतात हे त्यांच्याच शब्दांत समोर आले, की त्यातली बरीच गृहीतके गळून पडतात, असा माझा अनुभव आहे.

बहुतेक कागदांवरचे पहिले वाक्य सारखेच असते. "मी पुन्हा वाचतो." "दोन-तीनदा वाचते." "समजेपर्यंत वाचत राहतो." त्याखाली रंगीत रेघा येतात, टिपणे येतात, मोठ्याने वाचणे येते, रात्रीची शांतता येते, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणे येते. एका वर्षी मात्र एका कागदावर दोनच वाक्ये होती: "वाचताना मला सगळे समजते. नंतर लक्षात राहत नाही, एवढीच अडचण आहे." तो कागद मी इतरांबरोबर बाजूला ठेवला, पण ती दोन वाक्ये डोक्यातून जाईनात. लक्षात येणे आणि लक्षात राहणे हे आपल्या भाषेतले दोन जवळचे वाक्प्रयोग आहेत. एकात उमज आहे, दुसऱ्यात साठवण आहे. बाकीचे कागद पुन्हा चाळले, तेव्हा दिसले की जवळजवळ सगळ्यांनीच माझ्या पहिल्या गोष्टीविषयीच्या प्रश्नाला दुसऱ्या गोष्टीविषयीचे उत्तर दिले होते. मी समजण्याबद्दल विचारले होते आणि त्यांनी साठवण्याच्या खटपटी लिहिल्या होत्या. वाचनाच्या युक्त्यांविषयी विद्यार्थ्यांना काय वाटते, या प्रश्नाचे मला सापडलेले पहिले उत्तर हे होते: त्यांच्या दृष्टीने समजणे आपोआप घडते, कष्ट पडतात ते पुढे, मजकूर टिकवून धरताना.

ही समजूत केवळ माझ्या वर्गापुरती नाही. अमेरिकेतील जेफ्री कार्पिके, अँड्र्यू बटलर आणि हेन्री रोडिगर यांनी २००९ मध्ये १७७ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अभ्यासाच्या सवयी विचारल्या होत्या. सुमारे ८४ टक्के विद्यार्थ्यांनी टिपणे किंवा पाठ्यपुस्तक पुन्हा वाचत असल्याचे सांगितले, आणि सुमारे ५५ टक्क्यांसाठी तीच पहिल्या क्रमांकाची पद्धत होती. पुस्तक मिटून, वाचलेले स्वतःच आठवून पाहण्याची सवय सुमारे ११ टक्क्यांनीच नोंदवली. त्याआधी २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी एक साधा प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांनी काही छोटे उतारे दोनदा वाचले आणि काही उतारे एकदा वाचून, कागद बाजूला ठेवून, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा दोनदा वाचणे सरस ठरले: तेथे ८१ टक्के मजकूर आठवला, एकदा वाचून लिहिण्यात ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र पारडे फिरले आणि दोनदा वाचलेल्यातील ४२ टक्के, तर लिहून काढलेल्यातील ५६ टक्के मजकूर उरला. मला या आकड्यांपेक्षा त्याच अभ्यासातील दुसऱ्या प्रयोगाचा एक तपशील अधिक महत्त्वाचा वाटतो. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्याला तो चांगला आठवेल अशी खात्री जास्त होती, आणि आठवड्यानंतर आठवले मात्र त्यांनाच कमी.

पुन्हा वाचण्याची ही ओढ आळसातून येते, असे मी एके काळी मानत असे. आता तसे मानत नाही. दुसऱ्यांदा वाचताना शब्द ओळखीचे झालेले असतात, वाक्ये अडखळत नाहीत, पुढच्या ओळीत काय येणार आहे हे आधीच जाणवते, आणि या सगळ्या सुलभतेला मन समजल्याची पावती मानते. रोज दिसणाऱ्या माणसाला आपण ओळखतो असे आपल्याला वाटते, आणि त्याच्याविषयी कोणी चार गोष्टी विचारल्या की एकही सांगता येत नाही. मजकुराशी झालेली ओळख पुष्कळदा याच जातीची असते. विद्यार्थी प्रामाणिकपणे जे अनुभवतो तेच कागदावर लिहितो. त्याने निवडलेली खूणच फसवी असते, कारण वाचन सोपे वाटणे ही खूण आतून सहज हाती लागते आणि खरे आकलन तपासण्याची खूण प्रयत्नाने शोधावी लागते. म्हणूनच ज्या पद्धतींनी वाचन अवघड वाटू लागते, त्या निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष विद्यार्थी काढतात. "मॅडम, प्रश्न लिहीत वाचले तर मला उलट कमीच समजते," असे एका मुलाने मला सांगितले होते. त्याला कमी समजत नव्हते. आपल्याला किती समजलेले नाही, हे त्याला पहिल्यांदाच दिसत होते.

रंगीत रेघांविषयी विद्यार्थी फार आपुलकीने लिहितात. पिवळा रंग व्याख्येला, गुलाबी उदाहरणाला, हिरवा परीक्षेत हमखास येणाऱ्या मुद्द्याला, अशा वाटण्या असतात, आणि रंगवलेले पान पाहिले की अभ्यास झाल्याचे समाधान मिळते हेही कोणी कोणी मोकळेपणाने कबूल करते. जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींवरील संशोधन एकत्र तपासले, तेव्हा अधोरेखन आणि पुनर्वाचन या दोन्ही पद्धती कमी उपयुक्ततेच्या गटात गेल्या. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास काळाच्या अंतराने विभागून करणे या दोनच पद्धती सर्वाधिक उपयुक्त ठरल्या. तरीही मी विद्यार्थ्यांच्या हातातून रंगीत पेन काढून घेत नाही. रेघ ओढणे हा निर्णय असेल तर तिला मोल आहे, आणि निर्णय घ्यायला परिच्छेद संपावा लागतो. वाचता वाचता ओढलेल्या रेघेत निवड नसते. डोळा जेथे पोहोचला तेथे हात पोहोचला, एवढाच तिचा अर्थ. परिच्छेद संपवून, क्षणभर थांबून, यातले कोणते एक वाक्य काढले तर बाकीचे कोसळेल असे विचारून जो रेघ ओढतो, त्याच्या पानावर रंग थोडा असतो आणि त्याला त्या रंगाविषयी बोलता येते.

विद्यार्थी वाचताना काय करतात हे मोजण्यासाठी प्रश्नावल्याही आहेत. कुइदर मोख्तारी आणि कार्ला रीचर्ड यांनी २००२ मध्ये तयार केलेल्या एका प्रसिद्ध प्रश्नावलीत तीस विधाने आहेत आणि प्रत्येकापुढे 'कधीच नाही' पासून 'नेहमी' पर्यंत पाच पर्याय आहेत. मजकुराचा आधीच अंदाज घेणे, उद्देश ठरवणे यांसारख्या व्यापक युक्त्या तिच्या एका गटात आहेत; अडल्यावर वेग कमी करणे, मागे जाणे अशा अडचण सोडवणाऱ्या युक्त्या दुसऱ्या गटात; आणि टिपणे, शब्दकोश, अधोरेखन असे बाहेरचे आधार तिसऱ्यात. अशा प्रश्नावलीचा मला आदर आहे, कारण ती विद्यार्थ्याला स्वतःच्या वाचनाकडे वळून पाहायला लावते. मात्र तिच्यातून कळते ते विद्यार्थी स्वतःविषयी काय मानतो हे. 'अडल्यावर मी मागे जाऊन वाचतो' या विधानापुढे 'नेहमी' लिहिणारा मनापासूनच लिहितो. त्याला आपण अडलो आहोत हे कळते का, हा प्रश्न त्या विधानाच्याही आधीचा आहे, आणि अडल्याचे ज्याला कळतच नाही त्याच्या दृष्टीने ते उत्तर खरेच असते.

हे मला नीट उमगले ते एका विद्यार्थिनीसोबत बसून वाचल्यावर. 'सगळे समजते' हा कागद आपलाच होता, असे सांगत ती स्वतःच माझ्याकडे आली होती. मी तिच्यासमोर एका लेखाचे पान ठेवले आणि सांगितले की एकेक वाक्य वाच आणि वाचताना मनात जे येईल ते बोलत जा. ती अस्खलित वाचत होती. एके ठिकाणी आले: "उपाय महाग होता, किंबहुना त्याचा खर्च मूळ नुकसानीपेक्षाही अधिक होता." मी विचारले, येथे लेखक काय म्हणतो? ती म्हणाली, "उपाय महाग होता, कदाचित नुकसानही झाले असेल." 'किंबहुना' म्हणजे 'कदाचित' असे ती आजवर मानत आली होती आणि त्या समजुतीने कधी कोणते वाक्य अडले नव्हते, कारण अर्थ जुळला नाही तरी ती पुढे जात होती. पुढे 'तथापि' आले, 'पर्यायाने' आले, 'अन्यथा' आले. हे सगळे शब्द तिच्या लेखी भाषेला भारदस्तपणा देणारे अलंकार होते, आणि त्यांच्यावरून ती समारंभातल्या भाषणावरून जावे तशी निघून जात होती. प्रत्यक्षात विचाराची सगळी वळणे त्याच शब्दांत असतात. 'तथापि' निसटला की लेखकाचा विरोध त्याच्या संमतीसारखा दिसू लागतो. कठीण शब्दांपुढे विद्यार्थी थांबतात, शब्दकोश उघडतात, त्याची नोंदही करतात. या लहान, ओळखीच्या, वरवर निरुपद्रवी शब्दांपुढे कोणी थांबत नाही, आणि माझ्या पाहण्यात आकलनाचा धागा सर्वाधिक वेळा येथेच तुटतो.

वाक्याचा अर्थ लागायला काय काय हवे, याचा विचार आपल्याकडच्या मीमांसकांनी आणि नैयायिकांनी, म्हणजे मीमांसा आणि न्याय या दर्शनांच्या पंडितांनी, फार बारकाईने केला आहे. त्यांनी सांगितलेल्या अटींपैकी तीन प्रसिद्ध आहेत. आकांक्षा, म्हणजे एका पदाला दुसऱ्या पदाची अपेक्षा असणे. सन्निधी, म्हणजे ती पदे जवळ जवळ उच्चारली जाणे. आणि योग्यता, म्हणजे त्यांच्या अर्थांचा परस्परांशी मेळ बसणे. 'अग्नीने शिंपतो' हे योग्यतेच्या अभावाचे नेहमीचे उदाहरण आहे. व्याकरण निर्दोष आहे, शब्द शेजारी शेजारी आहेत, तरीही शिंपण्याची क्रिया अग्नीने होत नाही, म्हणून बोध अडतो. यात मला मोलाचे वाटते ते हे की अडणे हा येथे बोधाच्या प्रक्रियेचाच भाग आहे. ज्याला ते वाक्य खटकत नाही, त्याला ते समजलेलेच नाही.

एलन मार्कमन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात प्राथमिक शाळेतील मुलांना असाच मेळ नसलेला मजकूर ऐकवला होता. समुद्राच्या तळाशी अजिबात प्रकाश नसतो असे त्यात एका वाक्यात येते, आणि तळाशी राहणारे काही मासे आपले खाद्य रंगावरून ओळखतात असे लगेच पुढच्या वाक्यात येते. मुलांना सांगितले होते की हा मजकूर इतर मुलांना नीट समजेल का हे ठरवायला आम्हाला मदत करा. तरीही कितीतरी मुलांना त्यात काही वावगे आढळले नाही. अंधारात रंग कसा दिसणार, हे त्यांना माहीत नव्हते असे नाही. दोन वाक्ये एकमेकांसमोर उभी करण्याचे काम त्यांनी केले नव्हते.

ही गोष्ट लहान मुलांपुरती असेल, या समजुतीने मी माझ्या वर्गासाठी एक उतारा लिहिला. एका कोरड्या प्रदेशातील वनस्पतीचे त्यात वर्णन होते. तिसऱ्या वाक्यात या वनस्पतीला पाने नसतात असे होते, आणि नवव्या वाक्यात रात्री ती आपली पाने मिटून ओलावा राखते असे होते. खाली नेहमीच्या पद्धतीचे पाच प्रश्न दिले. जवळजवळ सगळ्यांनी पाचही प्रश्न बरोबर सोडवले. मग मी फळ्यावर सहावा प्रश्न लिहिला: या वनस्पतीला पाने आहेत का? वर्ग बराच वेळ गप्प होता. पाने उलटण्याचा, बोट ओळींवरून फिरवण्याचा आवाज येत राहिला. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मला खटकले होते, मॅडम. पण छापलेले आहे म्हणजे बरोबरच असणार, मलाच कळत नसेल असे वाटले." दुसरी म्हणाली, "मी समजूत करून घेतली, की लहान असताना पाने नसतील आणि नंतर येत असतील."

या दोन उत्तरांनी मला जे शिकवले ते वाचनाविषयीच्या पुष्कळ लेखांनी शिकवले नव्हते. मी धरून चालले होते की विद्यार्थी बेसावध असतात. त्यांतले निदान काही जण सावध होते. त्यांना धागा तुटलेला जाणवला होता, आणि त्यांनी तो शांतपणे स्वतःच्या पदराच्या दोऱ्याने जोडून टाकला होता. समजणे वेगळे आणि समजूत करून घेणे वेगळे, पण ज्याचा छापील शब्दावर पूर्ण विश्वास आणि स्वतःवर अजिबात नाही, त्याला समजूत करून घेण्याखेरीज दुसरा मार्ग दिसत नाही. अडणे हे आपल्या कमकुवतपणाचे लक्षण आहे, हुशार मुले अडत नाहीत, ही धारणा त्यांच्यात खोलवर रुजलेली आहे. ती त्यांनी स्वतः तयार केलेली नाही. वर्गात 'समजले ना?' हा प्रश्न आम्ही शिक्षक ज्या स्वरात विचारतो, त्या स्वरात 'नाही' या उत्तराला जागाच नसते.

१९७८-७९ साली प्रसिद्ध झालेले डोलोरेस डर्किन यांचे निरीक्षण या संदर्भात मला नेहमी आठवते. त्यांनी चौथीच्या वर्गांत बसून वाचनाच्या अध्यापनाची ४,४६९ मिनिटे पाहिली, आणि आकलन कसे करावे हे शिकवण्यात त्यांतील फक्त २० मिनिटे गेली होती. आकलनाविषयी वर्गात बोलणे पुष्कळ होत होते, पण ते बहुतेक उत्तरे तपासण्याचे होते. मी स्वतःच्या तासांकडे त्या नजरेने पाहिले तेव्हा हेच चित्र दिसले. उतारा द्यायचा, प्रश्न द्यायचे, उत्तर चुकले तर बरोबर उत्तर सांगायचे. तो मुलगा चुकीच्या उत्तरापर्यंत कोणत्या वाटेने गेला, हे विचारायला मी क्वचितच थांबले होते.

म्हणून मी युक्त्या शिकवायला घेतल्या, आणि तेथेही चूक केली. फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ मध्ये मांडलेली पाच पायऱ्यांची पद्धत पुष्कळांना माहीत असेल: मजकूर आधी वरवर पाहणे, शीर्षकांचे प्रश्न करणे, वाचणे, न पाहता सांगणे आणि शेवटी उजळणी. मी त्या पाच पायऱ्यांचा तक्ता करून दिला आणि वह्या तपासायला घेतल्या. प्रत्येक वहीत प्रश्न व्यवस्थित लिहिलेले होते, आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मजकुरात नेमके सापडत होते. मला आनंद झाला. एका विद्यार्थिनीने मात्र सहज सांगून टाकले, की प्रश्न आधी लिहायचे असतात म्हणून पान वरून कोरे ठेवले होते आणि वाचून झाल्यावर भरले. तिला यात लबाडी वाटत नव्हती. तिच्या दृष्टीने प्रश्न हा मजकूर उघडण्याचा मार्ग नव्हता, मला दाखवायचा एक रकाना होता. युक्तीला गुण दिले, की ती युक्ती राहत नाही, गृहपाठ होते. अ‍ॅनमेरी पॅलिंक्सर आणि अ‍ॅन ब्राउन यांनी १९८४ मध्ये अंदाज बांधणे, प्रश्न विचारणे, अडलेले स्पष्ट करून घेणे आणि सारांश सांगणे या चार गोष्टींवर उभी केलेली पद्धत पुढे खूप गाजली. तिच्यात शिक्षक आणि मुले यांच्यात संभाषण चालते आणि शिक्षकाची भूमिका आलटून पालटून मुले घेतात. त्या चार गोष्टी संभाषणातून उचलून कागदावरच्या चार चौकटींत टाकल्या, की चौकटी भरल्या जातात आणि बोलणे थांबते.

युक्त्यांविषयी विद्यार्थी ज्या तक्रारी करतात, त्यांतल्या काही अगदी रास्त आहेत. "विषयच माहीत नसेल तर युक्ती काय करणार?" असे एकाने विचारले होते, आणि त्याच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या एका डावाचे वर्णन वाचायला दिले आणि मग मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर लाकडी खेळाडू हलवून ते दाखवायला सांगितले. वाचनात कमकुवत पण खेळाची चांगली माहिती असलेले विद्यार्थी, वाचनात पटाईत पण खेळाविषयी अनभिज्ञ असलेल्यांपेक्षा सरस ठरले. जॉन ब्रान्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांच्या १९७२ मधील प्रयोगात कपडे धुण्याचे वर्णन मुद्दाम इतके मोघम केले होते, की विषय आधी सांगितला नाही तर ते निरर्थक वाटावे. विषय आधी सांगितलेल्यांना ते समजले आणि आठवलेही. वाचून झाल्यावर विषय सांगितल्याने मात्र काही फायदा झाला नाही. त्यामुळे 'अंदाज बांधा', 'मुख्य कल्पना शोधा' असे सांगितल्याने ज्ञानाची उणीव भरून निघेल, असे मी आता कोणालाही सांगत नाही. कोणती माहिती कमी पडते आहे हे नेमके ओळखणे, आणि ती मिळवण्यासाठी पुस्तक काही काळ बाजूला ठेवून दुसरे काही वाचणे, हीसुद्धा वाचनाचीच रीत आहे, असे मात्र सांगते.

दुसरी तक्रार वेगाविषयी असते. "थांबत थांबत वाचले तर पुस्तक कधी संपणार?" ही चिंता खरी आहे, आणि झटपट वाचनाच्या जाहिराती तिला खतपाणी घालतात. मागे वळून वाचणे हा वाईट सवयीचा प्रकार आहे, असे त्या जाहिराती सांगतात आणि विद्यार्थी ते मानतात. कीथ रेनर आणि इतरांनी डोळ्यांच्या हालचालींचा जो प्रदीर्घ अभ्यास केला, त्यात दिसते की इंग्रजी वाचणाऱ्या कुशल प्रौढ वाचकांचेही डोळे सुमारे १० ते १५ टक्के वेळा मागे जातात. २०१४ मध्ये एलिझाबेथ शॉटर, रँडी ट्रॅन आणि रेनर यांनी अशी व्यवस्था केली, की नजर पुढे सरकली की मागचे शब्द झाकले जावेत. मागे जाण्याची सोय काढून घेताच आकलन घटले. हे मी वर्गात सांगितले तेव्हा काही चेहऱ्यांवर सुटकेचा भाव दिसला. मागे जाण्याची त्यांना लाज वाटत होती आणि ते चोरून मागे जात होते, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

आता मी युक्त्यांची यादी देत नाही. एकच खूण देते, आणि ती समासात करायची असते. जेथे मनात काही खटकेल, अर्थ सुटेल, आधीच्या वाक्याशी मेळ बसणार नाही, तेथे एक छोटी आडवी रेघ. कारण लिहायचे नाही, सोडवायचे नाही, फक्त नोंद करायची. सुरुवातीला पाने कोरीच येतात, कारण रेघ करणे म्हणजे आपले अज्ञान लिहून देणे, असे मुलांना वाटते. म्हणून मी माझी स्वतःची पाने फिरवते, ज्यांवर बऱ्याच रेघा असतात, आणि त्यांतल्या काहींवर मला अजून काही सुचलेले नसते हेही सांगते. मग हळूहळू रेघा येऊ लागतात. रेघ आली, की युक्तीची गरज आपोआप निर्माण होते. येथे मागे जाऊ का? हा शब्द पाहू का? पुढे उत्तर असेल म्हणून थांबू का? एवढी शोधाशोध सुरू झाली, की मी शिकवलेल्या जुन्याच गोष्टी विद्यार्थी जणू नव्याने शोधून काढतात आणि त्यांना आपली नावे देतात. मागचे दोन परिच्छेद पुन्हा पाहण्याला एका गटाने 'पाऊल मागे' म्हणायला सुरुवात केली, आणि ज्याने तो शब्द काढला तो आधी 'मी तीनदा वाचतो' लिहिणाऱ्यांतला होता. आता तो एकदा सलग वाचतो आणि दुसऱ्यांदा फक्त रेघांपाशी जातो. ते पुनर्वाचनच आहे, पण त्याला आता पत्ता आहे.

आणखी एक गोष्ट करते. वाचन झाल्याबरोबर सारांश मागत नाही. दुसऱ्या दिवशी मागते. कीथ थीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले होते, की वाचल्यानंतर लगेच नव्हे तर काही वेळाने त्या मजकुराचे मोजके कळीचे शब्द लिहिणाऱ्यांना आपल्याला कोणता मजकूर समजला आहे आणि कोणता नाही, हे अधिक अचूक ओळखता आले, आणि पुन्हा काय वाचायचे याची निवडही त्यांनी अधिक चांगली केली. लगेच लिहिताना ताजे शब्द अजून कानात घोळत असतात आणि ते समजुतीचे सोंग घेतात. रात्र मध्ये गेली, की ते शब्द विरतात आणि जे उरते त्यावरून हिशेब करता येतो.

'सगळे समजते' लिहिणाऱ्या त्या विद्यार्थिनीने सत्राच्या शेवटी पुन्हा कोरा कागद भरला. या वेळी तिने आपणहून खाली नाव लिहिले होते. पुन्हा वाचणे, रेघा, टिपणे यांतले काही तिच्या कागदावर नव्हते. तिने लिहिले होते, की नेमून दिलेल्या शेवटच्या लेखाच्या पाचव्या परिच्छेदाची सुरुवात 'त्यामुळे' या शब्दाने होते, आणि 'त्यामुळे' म्हणजे नेमके कशामुळे हे तिला कळलेले नाही. चौथ्या परिच्छेदात तीन कारणे आहेत, त्यांपैकी पहिले धरले तर पुढचे उदाहरण जुळत नाही, आणि तिसरे धरले तर दुसऱ्याला काही कामच उरत नाही.

तो लेख मी अनेक सत्रांपासून शिकवत होते. कागद हातात ठेवून मी पाचवा परिच्छेद उघडला, मग चौथा, मग पुन्हा पाचवा. तिचे म्हणणे बरोबर होते. लेखकाने तेथे एक दुवा सोडून दिला होता, आणि इतकी वर्षे मी माझ्या मनानेच तो भरून घेत पुढे शिकवत आले होते. मी पेन्सिल घेतली आणि माझ्या प्रतीच्या समासात, 'त्यामुळे' च्या शेजारी, एक आडवी रेघ ओढली.